भातशेतीतील चिवट तणे व निवडक तणनाशकांचा वापर

(शेतकरी, ग्रामसेवक व प्राथमिक शिक्षक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



लावणी म्हणजे भाताची रोपे शेतात उभी करण्याची केवळ एक रीत, असा समज पुष्कळांचा असतो. वस्तुतः लावणी हा तण आवरण्याचा फार जुना आणि फार कसबी उपाय आहे. तरव्यात तीन-चार आठवडे वाढलेले रोप चिखलणी केलेल्या खाचरात येते, तेव्हा जमिनीतील तणाचे बी अद्याप रुजलेलेही नसते. आणि ते रुजू पाहते तोच त्याच्यावर दोन-तीन इंच पाणी उभे राहते. पाण्याखालील मुळांपर्यंत पानांतून हवा पोहोचविण्याची सोय भाताच्या रोपाला निसर्गाने दिलेली आहे. बहुसंख्य तणांना ती नाही. वयाने मोठे रोप आणि वर पाण्याचे पांघरूण, या दोन गोष्टींच्या बळावर आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके तण आटोक्यात ठेवले. उरलेसुरले तण बेणणीच्या वेळी स्त्रियांच्या हातांनी निघत असे.

ही व्यवस्था आता ढिली पडली आहे. गोव्यात लावणीला व बेणणीला मजूर मिळेनासे झाले आहेत. घरातील तरुण मंडळी नोकरीधंद्यात गुंतलेली असतात आणि पावसाळ्यातील ऐन कामाचे पंधरा दिवस गाठणे अनेक कुटुंबांना अशक्य होते. म्हणून कोणी मोड आणलेले बी चिखलावर फोकतात, तर कोणी यंत्राने लावणी करतात, आणि कित्येकांनी तर शेत पडीक ठेवणेच पत्करले आहे. खानापूर व बेळगाव तालुक्यांत पावसापूर्वी कोरड्या जमिनीत कुरीने भात पेरण्याची चाल जुनीच आहे. तेथे पीक व तण एकाच पावसावर, एकाच दिवशी, बरोबरीने उगवतात. बी थेट पेरले की लावणीने मिळणारी वयाची व पाण्याची आघाडी नाहीशी होते. अशा शेतात पहिल्या महिना-दीड महिन्यात तणाला मोकळे रान मिळाले, तर खताचा पहिला घास तणच घेते आणि पीक हातचे जाण्याचीही वेळ येते. निवडक तणनाशकाचा विचार करावा लागतो तो या परिस्थितीत. ती हौसेची गोष्ट नव्हे, तसेच ते सर्व दुखण्यांवरचे औषधही नव्हे.

निवडक तणनाशक म्हणजे पिकाला इजा न करता विशिष्ट तणांना मारणारे रसायन. यातील ‘विशिष्ट’ या शब्दाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. दुकानात जाऊन ‘भातातील तणावरचे औषध द्या’ असे सांगणे म्हणजे वैद्याकडे जाऊन ‘दुखण्यावरचे औषध द्या’ म्हणण्यासारखेच आहे. म्हणून प्रथम शेतात उभे राहून तण ओळखावे. तणांची नावे गावागणिक बदलतात. परंतु सर्व तणे तीन कुळांत बसतात आणि ही तीन कुळे ओळखावयास पुस्तकाची गरज नाही.

पहिले कूळ गवतांचे. खोड गोल, त्याला पेरे, पाने लांब व अरुंद. भातातील सर्वांत त्रासदायक तण याच कुळातले: साव्याच्या जातीचे रानगवत. दुसरे कूळ लव्हाळ्याचे. दिसायला ही वनस्पती गवतासारखीच, परंतु तिचे खोड बोटांत धरून फिरविले तर तीन कडा हाताला लागतात आणि पेरी सापडत नाहीत. तिसरे कूळ रुंद पानांच्या तणांचे. माका, केना व पाणथळ जागी वाढणाऱ्या इतर अनेक वनस्पती व्यवहारात त्यात धरल्या जातात. लव्हाळा आणि गवत यांत गल्लत झाली की औषध चुकलेच समजावे, कारण गवताला मारणारी काही तणनाशके लव्हाळ्याला स्पर्शही करीत नाहीत.

याहून कठीण प्रश्न साव्याच्या जातीचे गवत आणि भात यांतील फरकाचा. कोवळ्या अवस्थेत दोन्ही इतकी सारखी दिसतात की नवखा माणूस भात उपटून गवत राखतो. खूण एकच आहे, पण पक्की आहे. भाताचे पान खोडाला जेथे मिळते तेथे आतील बाजूस पांढरी, पातळ, जिभेसारखी पापुद्री असते आणि दोन्ही बाजूंना केसाळ, कानासारखी टोके असतात. साव्याच्या जातीच्या गवताला ही जीभही नसते आणि कानही नसतात. बेणणीला जाणाऱ्या वयस्क स्त्रियांना ही खूण शब्दांत सांगता आली नाही, तरी त्यांची बोटे ती जाणतात. शिक्षकांनी जुलै महिन्यात एक तास शाळेजवळच्या खाचरात घालविला आणि मुलांना हा एक फरक दाखविला, तरी शेतीविषयाच्या अनेक धड्यांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

आता ज्या औषधाने गवत मरते त्याच औषधाने भात का मरत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. शेवटी भातही गवतच. या प्रश्नाचे उत्तर नीट कळले तर चुका आपोआप कमी होतात, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे इष्ट ठरेल.

१९४५ नंतर जगभर प्रसार पावलेले २,४-डी हे तणनाशक वनस्पतीच्या वाढीच्या द्रव्यासारखे वागते. रुंद पानांच्या वनस्पतीत ते वाढीचा ताळ बिघडविते. देठ पिळवटतात, पाने आक्रसतात आणि रोप मरते. गवतवर्गीय वनस्पती ते बऱ्याच अंशी सहन करतात. म्हणजे येथे फरक कुळाचा आहे. याच कारणाने २,४-डी भातातील माक्याला मारते, पण साव्याच्या गवताला नव्हे. आणि शेजारच्या मिरची, भेंडी, वांगी वा कापसावर त्याचे तुषार वाऱ्याने गेले तर तेथे हानी करते.

१९६० च्या सुमारास प्रोपॅनिल नावाचे तणनाशक आले आणि त्याने एका गवतातून दुसरे गवत निवडून मारण्याची किमया केली. भाताच्या पानात एक विकर असते, ते प्रोपॅनिलचे तुकडे करून त्याला निरुपद्रवी बनविते. साव्याच्या जातीच्या गवतात हे विकर नगण्य, म्हणून ते मरते. परंतु ऑर्गॅनोफॉस्फरस व कार्बामेट गटांतील कीटकनाशके भाताच्या या विकराचेच काम बंद पाडतात. अशा कीटकनाशकाबरोबर किंवा त्याच्या मागेपुढे थोड्या दिवसांत प्रोपॅनिल फवारले तर भातही करपतो. ‘एकाच फेरीत दोन कामे’ या मोहाने पंपात दोन औषधे एकत्र करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. पीक वाचते ते त्याच्या अंगच्या एका विशिष्ट शक्तीमुळे, आणि ती शक्ती आपणच हिरावून घेऊ शकतो.

काही तणनाशकांत भाताची ही शक्ती वाढविणारे दुसरे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. प्रेटिलाक्लोर हे त्याचे उदाहरण. लावणीच्या भातासाठी मिळणारे साधे प्रेटिलाक्लोर आणि मोड आणून फोकलेल्या भातासाठीचे, फेनक्लोरिम हे संरक्षक द्रव्य घातलेले प्रेटिलाक्लोर, या दोन भिन्न वस्तू आहेत. नाव एकच ऐकू येते म्हणून साधे औषध फोकलेल्या शेतात वापरले, तर कोवळे मोड दगावतात आणि दोष मात्र बियाण्याला दिला जातो.

आणखी एका प्रकारात बचाव होतो तो केवळ जागेमुळे. पेंडिमेथालीन हे औषध जमिनीच्या वरच्या पातळ थरात बसून राहते. तणाचे बारीक बी त्याच थरात रुजते आणि मरते. भाताचे बी दोन-तीन सेंटिमीटर खोल असल्याने वाचते. म्हणून खानापूरकडील कुरीने पेरलेल्या भाताला ते योग्य, तर चिखलावर उघडे पडलेल्या बियाण्याला घातक. शिवाय ते ओल असलेल्या जमिनीवरच काम करते. धूळवाफेच्या पेरणीनंतर कोरड्या मातीवर फवारलेले पेंडिमेथालीन बहुतांशी वाया जाते. पहिला भिजपाऊस झाल्यावर आणि भात उगवून येण्यापूर्वी जी दोन-तीन दिवसांची फट मिळते, ती गाठावी. प्रमाण ३० टक्के द्रावणाचे हेक्टरी सुमारे ३.३ लिटर, म्हणजे १ किलो क्रियाशील घटक.

लावणीच्या शेतात उगवणीपूर्वी देण्याची औषधे बहुधा ब्युटाक्लोर किंवा प्रेटिलाक्लोर ही असतात. ५० टक्के ब्युटाक्लोर हेक्टरी २.५ ते ३ लिटर, ५० टक्के प्रेटिलाक्लोर हेक्टरी १ ते १.५ लिटर, आणि संरक्षक द्रव्य असलेले ३०.७ टक्के प्रेटिलाक्लोर फोकलेल्या भातात हेक्टरी सुमारे दीड लिटर, असे प्रमाण सर्वसाधारणपणे सांगितले जाते. लावणीनंतर पहिल्या तीन ते पाच दिवसांतच ही औषधे द्यावयाची असतात. त्यानंतर दिली तर पैसा पाण्यात गेला, असे अक्षरशः म्हणता येईल. कारण उगवून वर आलेल्या तणावर त्यांचा प्रभाव फारसा पडत नाही. हेक्टरी सुमारे ५० किलो वाळूत औषध कालवून ती वाळू उथळ उभ्या पाण्यात सारखी फेकण्याची पद्धत कोकण-गोव्याच्या मुसळधार पावसात फवारणीपेक्षा सोयीची ठरते. मात्र बांध फुटका असेल किंवा खाचर भरून वाहत असेल, तर औषध शेतात राहतच नाही. आधी बांध, मग औषध, हा क्रम सोडू नये.

उगवलेल्या तणांवरील औषधांत बिस्पायरिबॅक सोडियमचा वापर आज सर्वाधिक दिसतो. १० टक्के द्रावण हेक्टरी २०० ते २५० मिलिलिटर पुरते. गवत, लव्हाळा व रुंद पानांची तणे या तिन्ही कुळांतील अनेक तणांवर ते चालते, म्हणून ते लोकप्रिय झाले. त्याची वेळ म्हणजे तणाला तीन-चार पाने असतानाची; साधारणपणे पेरणी वा लावणीनंतर १५ ते २५ दिवसांचा काळ. फवारणीपूर्वी शेतातील पाणी काढून तणांची पाने उघडी करावीत आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा पाणी भरावे. हे दुसरे पाणी विसरले तर नवे तण रुजते आणि औषधाचे नाव बदनाम होते. फवारणीनंतर निदान सहा तास उघाड हवी. जुलैच्या धारेत ही उघाड हेरणे हेच खरे कसब. आकाश न पाहता ‘आज पंप मिळाला म्हणून आज फवारणी’ करणाऱ्याला यश क्वचितच येते.

बिस्पायरिबॅकचीही मर्यादा आहे. साव्याच्या गवतावर ते उत्तम चालते, परंतु बारीक तुऱ्याच्या लेप्टोक्लोआ नावाच्या गवतावर त्याचा उपयोग होत नाही. शेतात हे गवत असेल तर सायहॅलोफॉप ब्युटिल, १० टक्के द्रावण हेक्टरी ७५० ते ८०० मिलिलिटर, अधिक योग्य. पण ते केवळ गवतांनाच मारते, लव्हाळा व रुंद पानांची तणे तशीच राहतात. गवते आवरली गेली आणि केवळ रुंद पानांची तणे व लव्हाळ्याच्या कुळातील वार्षिक तणे उरली असतील, तर मेटसल्फ्युरॉन व क्लोरिम्युरॉन यांचे तयार मिश्रण हेक्टरी अवघे २० ग्रॅम लागते. २० ग्रॅम या आकड्याने पुष्कळांचा विश्वास बसत नाही आणि हात सैल सुटतो. तेथेच घात होतो.

मात्रेचा हिशेब हा या विषयातील सर्वांत उपेक्षित भाग होय. शिफारस हेक्टरची असते आणि गोव्यातील शेतकऱ्याचा तुकडा बहुधा हजार-दोन हजार चौरस मीटरांचा. मग टोपणाने मोजून औषध घातले जाते. हिशेब कठीण नाही. प्रथम पंपात साधे पाणी भरून १०० चौरस मीटर जागा आपल्या नेहमीच्या चालीने फवारावी आणि किती पाणी लागले ते मोजावे. समजा ४ लिटर लागले. तर १,००० चौरस मीटरांना ४० लिटर, म्हणजे १६ लिटरचे अडीच पंप लागतील. बिस्पायरिबॅकची हेक्टरी मात्रा २५० मिलिलिटर, म्हणून १,००० चौरस मीटरांना २५ मिलिलिटर. ते अडीच पंपांत वाटले तर एका पंपाला १० मिलिलिटर येते. माणूस बदलला, चाल बदलली किंवा नोझल बदलले की पाण्याचे माप पुन्हा घ्यावे. तणनाशकासाठी पंख्यासारखा सपाट फवारा देणारे नोझल असावे. कीटकनाशकाचे गोल फवाऱ्याचे नोझल जागोजागी कमीअधिक औषध टाकते. पाचवी-सहावीच्या वर्गात त्रैराशिक शिकविताना गुरुजनांनी हेच उदाहरण घेतले, तर ते त्याच दिवशी घराघरांत पोहोचेल.

शक्य असेल तर तणनाशकासाठी पंप वेगळा ठेवावा. २,४-डीचा अंश राहिलेल्या पंपाने दुसऱ्या दिवशी भाजीवर कीटकनाशक फवारल्याने परसातील वेल आक्रसल्याची उदाहरणे नवीन नाहीत. वेगळा पंप परवडत नसेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी, नळी व नोझल तीन वेळा धुवावे.

आता या विषयातील खऱ्या धोक्याकडे वळले पाहिजे. तणनाशक तण निवडून मारते, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच वेळी ते न मरणारे तण निवडून राखते, हे ध्यानात येत नाही. लाखो रोपांत एखादे रोप जन्मतःच त्या औषधाला दाद न देणारे असते. औषधाने त्याचे सर्व शेजारी मारले की पाणी, खत आणि ऊन त्या एकट्याच्या वाट्याला येते. त्याचे बी शेतात पडते. पुढील वर्षी तेच औषध, आणि पुन्हा त्याचेच बी. काही हंगामांत शेत त्याच वंशाने भरून जाते.

हे केवळ तर्काने मांडलेले भय नव्हे. हरियाणा व पंजाबात गव्हातील एका गवताने, ज्याला तेथे मंडूसी किंवा गुल्लीडंडा म्हणतात, हाच धडा दिला आहे. आयसोप्रोट्युरॉन या औषधावर वर्षानुवर्षे भिस्त ठेवली गेली आणि १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ते गवत त्या औषधाला दाद देईनासे झाले. काही शेतकऱ्यांवर उभा गहू हिरव्या चाऱ्यासाठी कापण्याची पाळी आली. भाताच्या बाबतीत अमेरिकेतील आर्कान्सा राज्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे १९९० च्या सुमारास प्रोपॅनिलला न जुमानणारे साव्याच्या जातीचे गवत आढळले. शोध घेता असे दिसून आले की प्रोपॅनिलचे तुकडे करणारे, भाताला वाचविणारे तेच विकराचे कार्य आता तणातही भरपूर वाढले होते. भाताची ढाल शत्रूच्या हाती गेली.

हाताने बेणणी करणाऱ्या आपल्या पूर्वजांनाही निवडीचा हा नियम चुकला नव्हता, हे ऐकून नवल वाटेल. चीनमधील यांगत्से नदीच्या खोऱ्यातील साव्याच्या जातीच्या गवताचा जनुकीय अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. भातासारखे ताठ, हुबेहूब भातासारखे दिसणारे गवत तेथे सुमारे एक हजार वर्षांपूर्वी वेगळे झाले, असे त्यात दिसून आले. ज्या रोपांचे निराळेपण डोळ्यांना दिसले ती उपटली गेली, जी भातासारखी दिसली ती सुटली; शेकडो वर्षे असे चालता चालता माणसाच्या नजरेनेच तणाला भाताचा वेष दिला. हाताला जे शेकडो वर्षांत घडविता आले, ते औषध थोड्या वर्षांत घडविते, एवढाच फरक.

यावर उपाय म्हणून औषध बदलावे असे सांगितले जाते आणि शेतकरी डबा बदलतो. येथे फसगत होते. बिस्पायरिबॅक, पेनॉक्ससुलाम, पायराझोसल्फ्युरॉन, बेनसल्फ्युरॉन, मेटसल्फ्युरॉन ही नावे वेगळी, कंपन्या वेगळ्या, डब्यांचे रंग वेगळे; परंतु ही सारी औषधे वनस्पतीतील एकाच विकरावर घाव घालतात. या वर्षी एक व पुढच्या वर्षी दुसरे वापरणे म्हणजे घाव तोच आणि कुऱ्हाड तेवढी निराळी. छत्तीसगडमधील भातशेतांत लव्हाळ्याच्या कुळातील एक तण बिस्पायरिबॅकला दाद देईनासे झाल्याचे आढळले आहे. तेव्हा दुकानदाराला व्यापारी नाव न विचारता तांत्रिक नाव विचारावे, ते वहीत लिहून ठेवावे आणि गटच बदलावा. एका वर्षी प्रेटिलाक्लोर व त्यानंतर एक हातबेणणी, दुसऱ्या वर्षी बिस्पायरिबॅक, तिसऱ्या वर्षी सायहॅलोफॉप व आवश्यक तेथे २,४-डी, असा पालट करता येईल. २,४-डी मात्र भाताला फुटवे येऊ लागल्यावर व पोटरीचा आरंभ होण्यापूर्वीच द्यावे. ग्रामसेवकांनी व कृषी सहायकांनी गावातील कोणते औषध सलग किती वर्षे वापरले जाते याची साधी नोंद ठेवली, तर ती अनेक अहवालांपेक्षा मोलाची ठरेल.

एका तणापुढे मात्र निवडक तणनाशक हतबल आहे. ते म्हणजे रानटी भात. तो भाताच्याच जातीचा. त्याचे दाणे पिकण्यापूर्वीच शेतात गळतात आणि पुढील वर्षी पुन्हा उगवतात. जे औषध त्याला मारील ते पिकालाही मारील. थेट पेरणी वाढली तेथे हा उपद्रवही वाढला आहे. त्यासाठी शेत आधी भिजवून रानटी भात व तण उगवू द्यावे, मग नांगरून गाडावे, नंतरच पेरणी करावी. बियाणे खात्रीचे घ्यावे. आणि फारच प्रादुर्भाव असेल तर एक-दोन वर्षे त्या खाचरात पुन्हा रांगेत लावणी करावी, म्हणजे रांगेबाहेर उगवलेले ते सारे परके, हे ओळखणे सोपे होते. भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा बासमती १९७९ व पुसा बासमती १९८५ या इमाझेथापर हे तणनाशक सहन करणाऱ्या जाती विकसित केल्या आहेत. त्यांत परकी जनुके घातलेली नाहीत आणि त्या वायव्य भारतातील बासमतीच्या प्रदेशासाठी आहेत. परंतु अमेरिकेत अशाच प्रकारचे बियाणे २००२ साली आल्यानंतर थोड्याच वर्षांत परागसंकरामुळे हा गुण रानटी भातात उतरला. रानटी भात माजलेल्या शेतात असे बियाणे नेणाऱ्याने हा अनुभव आधी समजून घ्यावा.

गोव्यातील खाजन जमिनींविषयी स्वतंत्रपणे सांगणे अगत्याचे आहे. तेथे शेत, खाडी आणि मासळी ही तीन वेगळी खाती नाहीत. मानशीतून आत-बाहेर जाणाऱ्या पाण्यात कोळंबी व मासे असतात, आणि मानशीवरील मासेमारी हा गावाच्या उत्पन्नाचा एक जुना भाग आहे. ब्युटाक्लोर हे जलचरांना अत्यंत विषारी आहे. खाजनात ते वापरणे टाळावे हेच उत्तम. अन्य औषध दिल्यावरही निदान आठवडाभर त्या खाचराचे पाणी मानशीकडे सोडू नये. पंप ओहोळात वा खाडीत धुऊ नये. रिकामे डबे पाण्यात टाकू नयेत. खाजनातील प्रश्न एकेका शेतकऱ्याने सोडवावयाचा नसून बांध राखणाऱ्या सर्वांनी मिळून सोडवावयाचा आहे, कारण पाणी सर्वांचे एकच आहे. बहुतेक तणांना खारटपणा मानवत नसल्याने पुष्कळदा येथे तणनाशकाची गरजही कमीच असते.

फवारणी करणाऱ्याच्या जिवाची काळजी हा वेगळा विषय असला, तरी दोन शब्द आवश्यक आहेत. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली तणनाशकेही येतात आणि प्रत्येक डब्यावर विषारीपणा दर्शविणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत घातक, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे पिण्यास हरकत नाही असा अर्थ नव्हे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा व तोंडावर फडके वापरावे. वाऱ्याच्या उलट दिशेने चालत फवारू नये. डब्यावरील कागदात भात या पिकाचा उल्लेख नसेल, तर दुकानदाराच्या शब्दावर ते औषध भातात वापरू नये.

राहिला प्रश्न बेणणी करणाऱ्या स्त्रियांचा. मजूर मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे. तशीच बेणणीच्या दिवसांवर ज्यांची पावसाळ्यातील चूल पेटते अशी घरेही आहेत. तणनाशकाने बेणणी संपूर्ण बंद होईल, ही समजूत शेतीच्या दृष्टीनेही चुकीची आहे. औषधातून सुटलेली रोपे तीच, ज्यांच्यापासून पुढील वर्षीचा धोका आहे. आणि ती ओळखून काढण्याचे काम पंपाला जमत नाही. पस्तीस-चाळीस दिवसांच्या सुमारास, साव्याच्या गवताला तुरा येण्यापूर्वी, जाणत्या बाईने खाचरात एक फेरी मारावी. पूर्वी दहा दिवस पुरणारे काम आता एक-दोन दिवसांचे उरेल, पण ते अधिक पारखीचे आहे, आणि त्याची मजुरी त्या पारखीच्या मानाने द्यावी. साव्याच्या गवताचे एकेक रोप हजारो बिया टाकते व त्या कित्येक वर्षे जमिनीत जिवंत राहतात. म्हणून उपटलेले तण बांधावर टाकून देऊ नये, पावसात ते तेथेच पुन्हा मूळ धरते. बी धरण्यापूर्वी काढलेले असेल तर गुरांना घालावे, आणि तुरा आलेला असेल तर शेणखतात न मिसळता खोल खड्ड्यात पुरावे.